तोंडओळख की दृष्टी?

महाराष्ट्रातील विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पदवी अभ्यासक्रमाची नवी चौकट लागू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेल्या या चौकटीत अशी एक तरतूद आहे, की विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या ज्ञानशाखेबाहेरचे काही विषय ‘खुले वैकल्पिक’ म्हणून घेतलेच पाहिजेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने समाजाचा अभ्यास करावा, वाणिज्य शाखेतल्या मुलामुलींनी चित्र कसे पाहावे हे शिकावे, इतिहास किंवा मराठी घेणाऱ्याला स्वतःच्या शरीराची रचना थोडीफार ठाऊक असावी, हा त्यामागील हेतू. या हेतूविषयी वाद होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा हेतू वर्गाच्या दारातून आत जाताना त्याचे काय होते, हा.

बहुतेक ठिकाणी काय होते, हे अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही. प्रथम वेळापत्रक ठरते, मग कोणत्या अध्यापकाचा कार्यभार कमी पडतो ते पाहिले जाते, आणि त्यानंतर कोणता विषय ‘खुला’ ठेवायचा याचा निर्णय होतो. रिक्त जागांमुळे असे तास पुष्कळदा तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या वाट्याला येतात. विद्यार्थी कोणत्या विषयात गुण सहज मिळतात याची चौकशी करतो. पहिले प्रकरण नेहमीचेच असते: अर्थ, व्याख्या, स्वरूप, व्याप्ती, महत्त्व. विषय मानवशास्त्र असो, शरीररचना असो वा कलेचा परिचय असो, या पाच पायऱ्या चढेपर्यंत निम्मे सत्र संपते आणि उरलेले सत्र परीक्षेच्या तयारीत जाते. दोन श्रेयांक पदरात पडतात. विषयाशी तोंडओळख झाल्याची नोंद गुणपत्रिकेवर होते. ओळख मात्र होत नाही.

प्रारंभिक अभ्यासक्रम हा विषयाची अनुक्रमणिका पाठ करण्यासाठी नसतो. त्या विषयातील माणसे जगाकडे कशी पाहतात आणि कोणते प्रश्न विचारतात, हे बाहेरून आलेल्याला दाखविणे हे त्याचे काम आहे. या दृष्टीने मानवशास्त्र, शरीररचनाशास्त्र आणि कला हे तीन विषय एकत्र विचारात घेण्यासारखे आहेत. तिघांपुढे वस्तू एकच आहे: माणूस. एक त्याच्या देहाची घडण उलगडतो, दुसरा त्याचे रूप टिपतो, तिसरा त्याला त्याच्या नात्यागोत्यांत आणि समाजात उभा करून पाहतो. आणि या तिन्हींच्या सीमा ओलांडणाऱ्यांनी काय साधले, याची काही ठळक उदाहरणे महाराष्ट्राच्याच विद्याजीवनात आहेत.

चित्रकाराचा मुलगा

लंडनमधील शस्त्रवैद्य हेन्री ग्रे यांनी १८५८ साली शरीररचनेवरील एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या नावाने ते आजही नव्या आवृत्त्यांच्या रूपाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती आहे. ग्रे यांचे नाव जगभर झाले. त्या पुस्तकातील साडेतीनशेहून अधिक आकृत्या ज्यांनी काढल्या, त्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचे नाव मात्र मुंबईतही फारसे कोणाच्या ओठी नाही. वास्तविक कार्टर यांचा निम्मा संसार मुंबईचाच. एका चित्रकाराच्या पोटी जन्मलेला हा गृहस्थ स्वतः वैद्यक शिकलेला होता. पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच ते हिंदुस्थानकडे निघाले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकविले, आणि पुढे कुष्ठरोगावर व ‘मदुरा फूट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पायाच्या व्याधीवर महत्त्वाचे संशोधन केले.

कार्टर यांच्या आकृत्यांचे एक वैशिष्ट्य आहे. आकृतीवर नुसती अक्षरे टाकायची आणि त्या अक्षरांचा खुलासा अन्यत्र द्यायचा, अशी रीत त्या काळच्या अनेक ग्रंथांत होती. कार्टर यांनी स्नायूचे, रक्तवाहिनीचे, हाडाचे नाव त्या त्या भागावरच लिहिले. शिकणाऱ्याची नजर आकृतीवरून ढळू नये, ही जाण त्यामागे होती. ती त्यांच्यातील वैद्यापेक्षा चित्रकाराला अधिक असावी. शरीररचनेच्या पुस्तकात चित्र हे शोभेसाठी नसते. चित्र हाच तेथे युक्तिवाद असतो. ज्याला मनगटाची आठ हाडे काढून दाखवावी लागतात, त्याला ती खरोखर पाहावी लागतात. नावे पाठ करणाऱ्यावर तशी सक्ती नसते.

याच पुस्तकातून आणखी एक प्रश्न निघतो, आणि तो शरीररचनेच्या वर्गात क्वचितच विचारला जातो. त्या आकृत्या ज्या देहांवरून काढल्या, ते देह कोणाचे होते? १८२८ साली एडिंबरो शहरात बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसांचे खून करून त्यांची प्रेते शवच्छेदनासाठी विकल्याचे उघडकीस आले. त्या खळबळीनंतर १८३२ साली इंग्लंडात कायदा झाला, आणि अनाथालयांत व रुग्णालयांत मरण पावलेल्या, कोणी हक्क न सांगितलेल्या गरिबांचे देह वैद्यकीय शाळांना मिळू लागले. म्हणजे जगाला शरीर शिकविणाऱ्या त्या ग्रंथाची पाने लंडनच्या दरिद्री वस्तीने भरली. मुंबई प्रांतानेही १९४९ साली बेवारस देहांसंबंधी असाच कायदा केला. देहदानाची चळवळ नंतर वाढली. तथापि शवविच्छेदनगृहातील मेजावर आजवर येत राहिलेल्या देहांत निराधारांचे देह किती, हा विचार कोणाही संवेदनशील विद्यार्थ्याच्या मनात यावा.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सुश्रुतसंहितेत प्रेत पाण्यात सात रात्री ठेवून, मग त्याची त्वचा हळूहळू घासून आतील रचना पाहण्याची पद्धत सांगितली आहे. ही परंपरा पुढे खुंटली. प्रेताला स्पर्श म्हणजे विटाळ, आणि तो स्पर्श ज्यांनी करायचा ते समाजाच्या वेशीबाहेर, अशी व्यवस्था रुजल्यावर ज्ञानाचा हा दरवाजा बंद झाला. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवच्छेदन केले, तेव्हा ते साऱ्या शहराच्या चर्चेचा विषय झाले ते यामुळेच. हा इतिहास शरीररचनेचा की मानवशास्त्राचा? अर्थात दोन्हींचा. वैद्यकीय शिक्षणाच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात ‘शव हा आपला पहिला शिक्षक’ या आशयाचा एक भाग पहिल्याच वर्षी ठेवण्यात आला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र त्या शिक्षकाचे घर कोठे होते, हे विचारण्याची सवय केवळ शपथ घेऊन लागत नाही.

मोजमाप आणि माणूस

मानवशास्त्राचा आरंभकाळ हा मोजमापांचा काळ होता. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातील जातींची नाके मोजली, आणि नाकाची रुंदी जसजशी वाढते तसतसा जातीचा दर्जा उतरतो, असा सिद्धान्त मांडला. आकडे होते, उपकरणे होती, कोष्टके होती. शास्त्राचा सगळा थाट होता. त्यातील निष्कर्ष मात्र आधीच ठरलेल्या समजुतीचा होता. प्रारंभिक अभ्यासक्रमात हे प्रकरण शिकविले पाहिजे ते एवढ्याचसाठी, की आकडा दिसला की मान तुकवायची, ही सवय आज पूर्वीपेक्षा अधिक बळावली आहे.

या मोजमापांना उत्तर मिळाले तेही मोजमापांतूनच. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे फ्रान्झ बोआस यांनी स्थलांतरित कुटुंबांतील सुमारे १८ हजार व्यक्तींची मापे तपासली. परदेशात जन्मलेल्या आईबापांच्या आणि अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्याच मुलांच्या डोक्याच्या घडणीत फरक पडतो, असे त्यांना आढळले. वंशाची कायमची खूण म्हणून जे सांगितले जात होते, तेच एका पिढीत बदलते, हा १९११ मधील निष्कर्ष वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला मोठा धक्का होता.

त्याच कोलंबियात बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी एका हिंदी विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. विद्यार्थी मुख्यतः अर्थशास्त्राचा होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. जातीचे मर्म तिच्या सीमेबाहेर विवाह न होऊ देण्यात आहे, असे प्रतिपादन त्या निबंधात होते. वर्ण, रंग आणि वंश यांच्या गूढ कथांना तेथे थारा नव्हता. पुढे १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी नाकांच्या मापांचीच आकडेवारी पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश भिन्न नाहीत, असा निष्कर्ष काढला. ज्या हत्याराने माणसे खाली ढकलली गेली, तेच हत्यार त्यांनी उलटे फिरविले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मानवशास्त्राच्या वर्गाचे दार उघडे होते, म्हणून हे घडू शकले. ‘खुला वैकल्पिक विषय’ या रूक्ष शब्दप्रयोगात किती ऐवज मावू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. फर्ग्युसन महाविद्यालयात त्या तत्त्वज्ञान शिकल्या, मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राकडे वळल्या आणि बर्लिनमध्ये मानवी कवट्यांचा अभ्यास करू लागल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशभेदाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी लागावा, ही तेथील अपेक्षा. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे आपल्या प्रबंधात नोंदविले. वय पंचविशीच्या आतबाहेरचे, देश परका, मार्गदर्शक बलाढ्य. तरी जे दिसले तेच लिहिले. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी घडविलेली परंपरा, नातेसंबंधांवरील १९५३ चा ग्रंथ आणि ‘युगान्त’मधील महाभारताचा विचार, या सर्वांच्या मुळाशी ही निर्भय नजर आहे. मानवशास्त्राच्या पहिल्या सत्रात हीच गोष्ट शिकवायची असते. व्याख्या नंतरही सापडतात.

कोणते रूप सुंदर?

कलेच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाची कथा वेगळी नाही. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. विलायतेतील धर्तीवर तेथे ग्रीक शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून मुले रेखाटन शिकू लागली. पिळदार स्नायू आणि प्रमाणबद्ध अंग हे मानवी सौंदर्याचे माप ठरले. मग १८७२ साली प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. १८८५ पर्यंत हे काम चालले होते. लेण्यांच्या अंधुक प्रकाशात त्या मुलांनी ज्या आकृत्या उतरविल्या, त्यांत स्नायूंचा पसारा नव्हता. तेथे देह रेषेतून वाहत होता, बोटांच्या वळणातून आणि मानेच्या कलातून बोलत होता. लंडनला पाठविलेल्या त्या प्रतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. पण ज्या हातांनी त्या काढल्या, त्यांना दोन प्रकारे देह पाहण्याचे शिक्षण मिळाले होते.

ग्रीक मूर्तिकार शरीर जाणत होता आणि अजिंठ्याचा चित्रकार जाणत नव्हता, असे म्हणणारा चुकतो; याच्या उलट म्हणणाराही चुकतो. दोघांनी एकाच देहातून वेगळे काही निवडले. का निवडले, या प्रश्नाचे उत्तर कलेच्या इतिहासात आहे, तसेच त्या त्या समाजाच्या श्रद्धेत आणि जगण्यात आहे. कलेचा परिचय म्हणजे शैलींची नावे आणि शतके यांची यादी, अशी समजूत असलेल्या वर्गात हा प्रश्नच उपस्थित होत नाही. रंगभेदाची जाहिरात करणाऱ्या मलमांपासून पडद्यावरच्या चेहऱ्यांपर्यंत ‘सुंदर कोण’ याचा निवाडा दररोज तरुणांच्या कानावर आदळत असताना, हा प्रश्न न विचारणे ही चैन नव्हे, तर हेळसांड आहे.

आक्षेप आणि उपाय

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की अशा तोंडओळखीने ज्ञान उथळ होते. आक्षेप खोटा नाही. तीस तासांत कोणी मानवशास्त्रज्ञ होत नाही. परंतु खोली नेहमी विस्तारातून येत नाही. एकच गोष्ट नीट पाहण्यातूनही ती येते. दुसरा आक्षेप नोकरीचा. ज्या घरातले पहिलेच मूल महाविद्यालयात आले आहे, त्या घराला चित्र पाहून काय मिळणार, असे विचारण्याचा अधिकार आहे. त्याचे उत्तर एवढेच, की रुग्णालयातील परिचारिका, तलाठी कचेरीतील लिपिक, शाळेतील शिक्षक आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी या सर्वांचे काम अखेर माणसांशीच पडते, आणि समोरच्या माणसाला त्याच्या जातीवरून, रंगावरून वा कपड्यांवरून न जोखता पाहता येणे ही त्या कामातील पहिली पात्रता आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, म्हणून सर्वांत वजनदार: तालुक्याच्या गावी मानवशास्त्राचा अध्यापक कोठून आणायचा? मानवशास्त्राचे स्वतंत्र विभाग राज्यात मोजकेच आहेत, हे खरे. पण पहिल्या पायरीसाठी लागणारी बरीचशी सामग्री गावातच असते. मामा, काका, मावशी, आत्या यांतील प्रत्येक नात्याला मराठीत स्वतंत्र नाव आहे, इंग्रजीत नाही. मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक समाजांत चालतो, उत्तरेकडे निषिद्ध मानला जातो, दक्षिणेकडे अधिक मान्य असतो. वर्गातील साठ विद्यार्थ्यांनी आपापल्या तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढला आणि कोणत्या गावची मुलगी कोणत्या गावी दिली याची नोंद केली, तर नातेसंबंध, जात, शेती आणि स्थलांतर यांवर एक सत्रभर चर्चा होऊ शकते. शरीररचनेसाठी शवविच्छेदनगृह लागत नाही. हाडांचा एक सांगाडा, दोन तक्ते आणि स्वतःचा हात पुरतो. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचना संग्रहालय वर्षातून एकदा दाखविण्याचा करार करणे कुलगुरूंना अवघड नाही. चित्रकलेची गोष्ट तर आणखी सोपी. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा देणारी मुले या राज्यात गावोगाव आहेत. दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेब पुरा झाला, की त्यांतील बहुतेकांची पेन्सिल कायमची खाली ठेवली जाते. ती पुन्हा उचलायला लावणे, एवढेच करायचे आहे.

यासाठी काही गोष्टी मात्र विद्यापीठांनी ठामपणे केल्या पाहिजेत. खुले वैकल्पिक विषय कार्यभाराच्या कमीजास्तीवरून ठरविण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. पहिल्या वर्षाचा वर्ग सर्वांत नवख्या आणि सर्वांत अस्थिर नेमणुकीच्या अध्यापकावर न सोपविता, विषयात मुरलेल्या अध्यापकाकडे दिला पाहिजे. कारण दार उघडण्याचे काम घर ठाऊक असलेल्यानेच करायचे असते. मूल्यमापनात पाठांतराचा वाटा घटवून, विद्यार्थ्याने स्वतः केलेले रेखाटन, निरीक्षणाची वही आणि मुलाखत यांना स्थान मिळाले पाहिजे. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास, तर प्रात्यक्षिकाचे ३० तास धरले जातात. मग निदान अर्धा विषय प्रात्यक्षिकाचा ठेवण्यात कोणता नियम आड येतो? आणि एकाच सत्रात तीन विभागांच्या अध्यापकांनी एकाच वर्गासमोर येऊन एकाच वस्तूविषयी, म्हणजे एखाद्या कवटीविषयी, मूर्तीविषयी वा हाताविषयी, आपापल्या परीने बोलावे, ही तरतूद तर कोणताही जादा खर्च न करता होण्यासारखी आहे.

धोरणे दिल्लीत आखली जातात आणि परिपत्रके मुंबईत निघतात. त्यांचे भवितव्य मात्र सकाळी साडेसातच्या तासाला, निम्म्या भरलेल्या वर्गात ठरते. त्या वर्गात एखादा विद्यार्थी चुकून आलेला असेल, दुसऱ्या विषयाची यादी भरली म्हणून आलेला असेल. त्याच्यापुढे पुन्हा अर्थ, व्याख्या, स्वरूप आणि व्याप्ती यांची रांग उभी करायची, की एक कवटी ठेवून ‘ही कोणाची असेल, आणि तुला तसे का वाटते?’ असे विचारायचे, हा निर्णय अध्यापकाचा आहे. तो घेण्याची मोकळीक त्याला मिळाली नाही, तर नव्या चौकटीत जुनेच चित्र बसविल्याचे श्रेय तेवढे विद्यापीठांच्या पदरी पडेल.